मातीतले कबड्डीपटू घडवायचे कोणी?

भाताची कापणी आटोपून शेतांत धसकटे तेवढी उरली, की महाड आणि पोलादपूर तालुक्यांतील गावोगावी कबड्डीची मैदाने आखली जाऊ लागतात. ग्रामदैवताच्या नावाने उभे राहिलेले संघ, त्यांच्यासाठी मुंबईहून रजा टाकून आलेले चाकरमानी आणि दिव्यांच्या उजेडात मध्यरात्र उलटून गेली तरी न हलणारी गर्दी, हे सावित्रीच्या खोऱ्यातील हिवाळ्याचे नेहमीचे चित्र आहे. सामना संपला म्हणजे ही गर्दी प्रशिक्षकाभोवती जमते आणि प्रश्न विचारते. हरलेल्या संघाच्या चाहत्यांचा प्रश्न असतो, ‘बाहेरचे दोन खेळाडू का आणले नाहीत?’ जिंकलेल्या संघाच्या चाहत्यांचा असतो, ‘आपला पोरगा प्रो कबड्डीत केव्हा दिसणार?’ वरवर पाहता हे प्रश्न भिन्न आहेत. पण दोहोंच्या मुळाशी एकच घाई आहे. खेळाडू घडण्यास जो काळ लागतो, तो देण्याची आपली तयारी नाही.

कबड्डी हा महाराष्ट्राला नवा खेळ नव्हे. हुतूतू या नावाने तो घरोघर माहीत होता. १९३६ साली बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या पथकाने त्याचे प्रात्यक्षिक जगापुढे केले, आणि पुढे बुवा साळवी यांच्यासारख्या कार्यकर्त्यांनी हयात वेचून त्याला संघटनेचे बळ दिले. या साऱ्या काळात कोकणातल्या खेळाडूची वाट ठरलेली होती. गावच्या मातीत तयार झालेला मुलगा गिरणगावात काकाच्या किंवा मामाच्या खोलीवर उतरे, तेथील मंडळाकडून खेळे आणि चढाईत चमकला तर गिरणीत, रेल्वेत, बँकेत वा एखाद्या मोठ्या कारखान्यात चिकटे. खेळाने त्याला श्रीमंत केले नाही. परंतु कायमची नोकरी दिली. खेळाडूंची भरती म्हणतात ती हीच होती, आणि तीत दलालाला जागा नव्हती.

१९८२ च्या संपानंतर गिरण्या एकामागून एक थंडावल्या. पुढे बँकांनी आणि कंपन्यांनीही खेळाडूंच्या नेमणुकांचा हात आखडता घेतला. राज्य शासनाच्या नोकऱ्यांत खेळाडूंना पाच टक्के आरक्षण आहे, हे खरे. तथापि त्यासाठी लागणारे प्रमाणपत्र वरच्या स्पर्धांत यश मिळविल्यावरच हाती पडते. त्या यशापर्यंतची आठ-दहा वर्षे मुलाने काय खाऊन काढावीत, याचे उत्तर कोणत्याही शासन निर्णयात नाही.

अशा पोकळीत २०१४ साली प्रो कबड्डी आली. पहिल्या लिलावात सर्वाधिक बोली राकेश कुमारवर लागली, ती १२ लाख ८० हजारांची. २०२३ च्या लिलावात पवन सेहरावतसाठी तेलुगू टायटन्सने २ कोटी ६० लाख ५० हजार रुपये मोजले. मातीतल्या खेळाला हे मोल आले याचा आम्हांला आनंदच आहे. खेळाडूने दरिद्री राहावे तरच खेळ पवित्र राहतो, या ढोंगावर आमचा विश्वास नाही. पण लिलाव हा तयार मालाचा बाजार आहे, तेथे खेळाडू घडत नाही. शेत कोणी नांगरले, हे बाजार विचारत नसतो.

जे संघ हे ओळखतात त्यांना फळही मिळते. १ मार्च २०२४ रोजी पुणेरी पलटणने हरियाणा स्टीलर्सचा २८-२५ असा पराभव करून प्रथमच विजेतेपद पटकावले. त्या संघाचा कर्णधार अस्लम इनामदार हा अहिल्यानगर जिल्ह्याच्या ग्रामीण भागातून आलेला तरुण. तो आणि त्याच संघातील आकाश शिंदे हे दोघेही २०२३ च्या हांगझोऊ आशियाई स्पर्धेत सुवर्णपदक जिंकणाऱ्या भारतीय संघात होते. उगवत्या मुलांवर विश्वास टाकून त्यांना खेळविण्याचे धोरण असे फळाला येते. फुटबॉलच्या जगातही हाच अनुभव आहे. बार्सेलोनाच्या संस्थेने १९७९ साली कोवळ्या खेळाडूंसाठी निवासी शाळा काढली. २००० साली तेरा वर्षांचा मेस्सी त्या संस्थेत आला, आणि २००४ साली तिच्या मुख्य संघातून पहिला अधिकृत सामना खेळला. त्याच्यासारख्या अलौकिक मुलासाठीही चार वर्षे थांबण्याची तेथील लोकांची तयारी होती. आपण मात्र एका हंगामात करंडक मागतो!

महाड-पोलादपूरच्या मुलापुढच्या अडचणी चमकदार नाहीत. म्हणूनच त्या कोणाच्या डोळ्यांत भरत नाहीत. तो मातीवर अनवाणी शिकतो आणि वरच्या स्पर्धेत त्याला बूट घालून मॅटवर उतरविले जाते. मातीवर पाय थोडा सरकतो, मॅटवर तो रुतून बसतो. सवय नसलेल्याचा गुडघा वळणावर दुखावतो आणि एका दुखापतीत अख्खी उमेद संपते. किशोर आणि कुमार गटांना वयाबरोबर वजनाचीही मर्यादा असते. वजन घटविण्यासाठी वाढत्या वयाच्या मुलाला उपाशी ठेवणारा प्रशिक्षक एक स्पर्धा जिंकतो आणि एक खेळाडू गमावतो. वयाचा खोटा दाखला जोडणाऱ्याची गोष्ट तर याहून वाईट. कारण तो पोराला खेळाआधी लबाडी शिकवितो. शिवाय कशेडी आणि आंबेनळी घाटांच्या पायथ्याशी असलेल्या वाडीवरून जिल्ह्याच्या निवड चाचणीला पोहोचायचे म्हणजे बापाची एका दिवसाची मजुरी बुडते. गुणी मुलगा चाचणीत कमी पडला, असे आपण सहज म्हणतो. तो चाचणीला पोहोचलाच नाही, हे कोणी नोंदवीत नाही.

मुलींची कहाणी तर याहूनही अवघड. २०१२ साली पाटण्यात झालेली महिलांची विश्वचषक स्पर्धा भारताने जिंकली, तेव्हा त्या संघात सुवर्णा बारटक्के, दीपिका जोसेफ आणि अभिलाषा म्हात्रे या महाराष्ट्राच्या तिघी होत्या. शासनाने त्यांना प्रत्येकी एक कोटी रुपये दिले, ते योग्यच केले. पण फळ आल्यावर हार घालणारे हात झाडाला पाणी घालताना दिसत नाहीत, ही आपली जुनी खोड आहे. शाळेत उत्तम कोपरा राखणारी मुलगी दहावीनंतर सरावाला कोणासोबत जाणार आणि परत कशी येणार, एवढ्याच प्रश्नावर तिचा खेळ संपतो.

मग करावे काय? आमच्या मते उपाय फार खर्चाचे नाहीत. महाडला औद्योगिक वसाहत आहे, तेथे मोठमोठे कारखाने आहेत. त्यांनी करंडकांवर आणि फलकांवर होणारा खर्च थोडा आवरून दोन्ही तालुक्यांत एकेक मॅट, एकेक छप्पर आणि पंधरा-वीस मुलामुलींच्या खुराकाची सोय केली तरी चित्र पालटेल. जिल्हा संघटनेने निवड चाचणी आळीपाळीने या तालुक्यांत घ्यावी. शाळांनी खेळाच्या तासाला गणिताचा तास घेण्याची सवय सोडावी. गावमंडळांनी बक्षिसाच्या रकमेतला काही भाग बाजूला काढून दुखापतींसाठी निधी उभा करावा. आणि प्रत्येक संघाने निदान दोन जागा गावच्याच कुमार खेळाडूंसाठी राखून ठेवाव्यात, मग सामना हरला तरी चालेल.

या शेवटच्या वाक्यावर चाहते नाराज होतील, हे आम्ही जाणतो. परंतु प्रशिक्षकाने त्यांना हेच स्पष्टपणे सांगितले पाहिजे. पैसे देऊन आणलेला पाहुणा करंडक जिंकून देतो आणि दुसऱ्या आठवड्यात दुसऱ्या गावाच्या बनियनमध्ये उभा राहतो. त्याच्यासाठी बाहेर बसविलेला गावचा पोरगा मात्र पुढल्या वर्षी सरावाला येत नाही. तानाजी मालुसऱ्यांचे उमरठ याच पोलादपूर तालुक्यात आहे, याचा अभिमान आपण पिढ्यान्‌पिढ्या मिरवितो. भाड्याने आणलेल्या शौर्यावर तो अभिमान पोसला गेलेला नाही. आपला पोरगा दूरदर्शन संचावर दिसावा असे ज्यांना वाटते, त्यांनी आधी त्याला आपल्या मैदानात हरू द्यावे, पुन्हा उतरू द्यावे आणि त्याच्या पाठीशी उभे राहावे.