पाणवठा खुला झाला, ओंजळ कोण भरणार?

ठाणे-बेलापूर रस्त्याने ऐरोलीहून महापेकडे जाताना बिनखिडक्यांच्या अवाढव्य इमारती दिसतात. जेथे काल रासायनिक कारखाने होते तेथे आज डेटा सेंटर उभी आहेत. आपण मोबाइलवरून पैसे पाठवतो, रेल्वेचे तिकीट काढतो, तेव्हा त्याचा हिशेब अशाच इमारतींतील सर्व्हरवर ठेवला जातो. या इमारतींच्या फाटकावर निळा गणवेश घालून बारा बारा तास उभी असणारी मुले कोणाची आहेत? दिघा, रबाळे, तुर्भे स्टोअर्सच्या वस्त्यांतील, म्हणजे बहुतांशी आपलीच आहेत.

मी व्यवसायाने वकील आहे. कंत्राटदाराने ओव्हरटाइमचे पैसे बुडवले म्हणून असाच एक तरुण माझ्याकडे आला होता. अर्जात लिहिण्यासाठी शिक्षण विचारले तर म्हणाला, "बी.एस्सी. आयटी, साहेब." ज्या सर्व्हरचे शास्त्र शिकण्यासाठी आईबापांनी कर्ज काढले, त्याच सर्व्हरच्या दाराबाहेर तो पहारा देत होता. त्याच्या पैशांचा प्रश्न कायद्याने सुटेल. पण दाराच्या आत जाण्याचा प्रश्न कोणत्या कायद्याने सुटणार?

संगणकाचे जाळे विणण्याची विद्या नवी मुंबईला परकी नाही. खारघर स्थानकासमोर सी-डॅकचे केंद्र आहे. पुढे या सी-डॅकमध्ये विलीन झालेली मुंबईची नॅशनल सेंटर फॉर सॉफ्टवेअर टेक्नॉलॉजी ही संस्था 1986 साली सुरू झालेल्या अर्नेट या देशातील पहिल्या शैक्षणिक संगणकजाळ्याच्या उभारणीत होती. तिचे प्रमुख श्रीनिवासन रमणी यांना त्या कार्यासाठी 2014 साली इंटरनेट हॉल ऑफ फेममध्ये स्थान मिळाले. हे काम महत्त्वाचे आहेच. पण त्या जाळ्यात आयआयटी, आयआयएस्सी अशा मोजक्याच संस्था होत्या. सामान्य नागरिकाला इंटरनेट मिळाले ते 15 ऑगस्ट 1995 रोजी. म्हणजे ही विद्या आधी निवडक दालनांत नांदली आणि मग ग्राहक म्हणून आपल्या हाती आली. पण सरकारी अनुदान नाही, कंपनीचा पगार नाही, अशा माणसांनीही स्वतःचे जाळे उभारल्याचे उदाहरण जगात आहे. चळवळीच्या कार्यकर्त्याने ते मुद्दाम समजून घ्यावे असे आहे.

अमेरिकेतील बी नावाच्या कंपनीने बीओएस ही संगणकप्रणाली तयार केली होती. तिच्यात नेटवर्कचे सगळे काम नेट सर्व्हर नावाचा एक स्वतंत्र कार्यक्रम करीत असे. त्याला संगणकाचे टपाल कार्यालय म्हणा. पण हे टपाल कार्यालय प्रणालीच्या गाभ्यात नव्हते, जणू गावकुसाबाहेर होते. प्रत्येक पत्राला तेथे हेलपाटा पडे, त्यामुळे काम संथ चाले. कंपनीने गाभ्यात बसणारी नवी रचना तयार करायला घेतली, पण ती रीतसर ग्राहकांच्या हाती पडण्याआधीच 2001 साली पाम कंपनीने बीची मालमत्ता सुमारे 1 कोटी 10 लाख डॉलरला विकत घेतली. पामला ती प्रणाली पुढे चालवायचीच नव्हती. वापरणारे हजारो लोक एका सौद्यात अनाथ झाले. त्यांच्या संगणकावर प्रणाली होती, पण ती दुरुस्त करण्याचा हक्क नव्हता. कूळ कसतो ती जमीन, पण सातबारा दुसऱ्याच्या नावे, असा हा प्रकार!

ऑगस्ट 2001 मध्ये मायकेल फिप्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हीच प्रणाली नव्याने, खुल्या स्वरूपात लिहायला घेतली. काही मोजके भाग कंपनीने आधीच खुले केले होते. बाकीचे, बंद संहितेला हात न लावता, प्रसिद्ध माहिती आणि प्रणालीचे बाहेरून दिसणारे वर्तन पाहून पुन्हा लिहायचे होते. कोणी नोकरी सांभाळून, कोणी कॉलेज सांभाळून कामाचा एकेक विभाग वाटून घेतला. 2004 साली या प्रकल्पाचे नाव हायकू ठेवण्यात आले.

नेटवर्कच्या विभागाने प्रथम बीएसडी या खुल्या प्रणालीतील संहितेचा आधार घेतला. पुढे अनुभवांती ती रचना पुरेशी ठरणार नाही हे दिसले, तेव्हा केलेल्या श्रमाचा मोह सोडून 2006 साली आक्सेल डॉर्फलर यांच्या पुढाकाराने रचना पुन्हा मांडली गेली. टपाल वाहण्याचे काम गाभ्यात आले आणि प्रत्येक नियमावलीचा स्वतंत्र कप्पा करण्यात आला. नेट सर्व्हर नाहीसा झाला नाही. त्याच्याकडे व्यवस्थापन आले. संगणकाला पत्ता मिळवून देणे, वायफायला जोडून देणे ही कामे त्याची. कप्पे वेगळे असल्याचा लाभ असा की नवे काही जोडताना सारे घर पाडावे लागत नाही. 2010 साली गुगल समर ऑफ कोड या योजनेतून आलेल्या एका विद्यार्थ्याने त्यात आयपीव्ही6 या नव्या पत्तापद्धतीची भर घातली. एक विद्यार्थी! पहिली चाचणी आवृत्ती यायला 2009 उजाडले आणि पाचवी बीटा आवृत्ती सप्टेंबर 2024 मध्ये आली. दोन दशकांहून अधिक काळ मालक नसलेली ही माणसे काम करीत राहिली.

वकील म्हणून मला त्यांचा परवाना सर्वांत महत्त्वाचा वाटतो. हायकूची स्वतःची बहुतेक संहिता एमआयटी परवान्याखाली आहे. ती कोणीही वाचावी, बदलावी, वाटावी, विकावीसुद्धा. अट एवढीच की मूळ स्वामित्वाची आणि परवान्याची नोंद पुसायची नाही. ज्या देशात ज्ञान ऐकले म्हणून शिक्षा सांगणारी शास्त्रे लिहिली गेली, तेथील माणसाला या कागदाचे मोल वेगळे सांगायला नको.

पण येथेच आपण सावध व्हायला हवे. कागदावर खुले झालेले सारे प्रत्यक्षात खुले होते काय? 1923 साली सी. के. बोले यांचा ठराव मुंबई कायदे मंडळात मंजूर झाला. सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले झाले. 1924 साली महाड नगरपालिकेनेही तसा ठराव केला. चवदार तळे कागदोपत्री खुले होते, तरी कोणाची ओंजळ भरली नव्हती. 20 मार्च 1927 रोजी बाबासाहेब हजारोंना घेऊन तळ्यावर गेले, तेव्हा ठरावात जीव आला. आणि त्यानंतरही न्यायालयातील शेवटचा निकाल मिळायला 1937 साल उजाडावे लागले. खुला परवाना म्हणजे आपला बोले ठराव आहे. महाडला अजून जायचे आहे.

या वाटेवर दगड कोण मारील? येथे कोणी काठी घेऊन उभा नाही, म्हणून अडथळा दिसत नाही एवढेच. स्वयंसेवा करायला फावला वेळ लागतो. दहा बाय दहाच्या खोलीत राहणाऱ्या, बारा तासांची ड्युटी करणाऱ्या मुलाकडे तो कोठून येणार? सारी चर्चा इंग्रजीत. पहिली चूक झाली तर पाठीवर हात ठेवणारा मोठा भाऊ त्या क्षेत्रात नाही. ज्यांच्या घरी दोन पिढ्यांची निश्चिंती आहे, त्यांनाच फुकट काम करणे परवडते आणि मग त्यालाच गुणवत्ता म्हटले जाते. "येथे जात विचारत नाहीत," असे अभिमानाने सांगितले जाते. खरे असेलही. पण आरंभरेषेपर्यंत कोण पोहोचला हेही कोणी विचारत नाही, त्याचे काय?

म्हणून हे काम एकेकट्या मुलावर सोडून भागणार नाही. ते समाजाने उचलायचे आहे. जयंतीच्या डीजेवर एका रात्रीत जेवढा खर्च होतो, तेवढ्यात विहारात जुने चार-पाच संगणक बसतात. हायकू किंवा लिनक्स जुन्या यंत्रावरही चालते आणि तिचे पैसे पडत नाहीत. विहाराच्या खोलीत दोन यंत्रे तारेने जोडून नेट सर्व्हर पत्ता कसा मिळवतो हे पाहता येते, बिघडवून पुन्हा दुरुस्त करता येते. आयटी कंपन्यांत पोचलेल्या आपल्या अभियंत्यांनी आठवड्यातून एक रविवार द्यावा. त्यांना आरक्षणाने किंवा शिष्यवृत्तीने जे मिळाले त्याची ती परतफेड आहे, उपकार नव्हे. सुरुवात मोठ्या संहितेने करण्याचीही गरज नाही. एक चूक शोधणे, ती नीट लिहून कळवणे, एखादी सूचना मराठीत आणणे, येथूनच बहुतेकांची सुरुवात होते. समर ऑफ कोडसारख्या योजनांत मानधनही मिळते. त्याचे अर्ज कधी आणि कसे भरायचे याची माहिती स्पर्धा परीक्षांच्या जाहिरातींइतकीच आपल्या वस्तीत पोचली पाहिजे.

काही कार्यकर्ते म्हणतील, अत्याचाराची प्रकरणे पडून असताना हे संगणकाचे खूळ कशाला? प्रश्न रास्त आहे. कोर्टाच्या पायऱ्या मीही रोज चढतो. पण उद्या शिधापत्रिका, शिष्यवृत्ती, मजुरी, सारे काही सर्व्हरच्या दारातूनच यायचे आहे. ते दार बांधणाऱ्यांत आपण नसू, तर ते कोणासाठी उघडेल आणि कोणासाठी अडेल हे दुसरेच ठरवतील. मूकनायक काढताना बाबासाहेबांनी दुसऱ्यांच्या वृत्तपत्रांत जागा मिळण्याची वाट पाहिली नाही.

फाटकावरच्या त्या तरुणाचे ओव्हरटाइमचे प्रकरण चालू आहे, ते आपण जिंकूच. मात्र मागच्या तारखेला त्याने मला विचारले, "साहेब, तुमच्या विहारात ते संगणकाचे कधी सुरू करताय? रविवारी माझी सुट्टी असते." त्याला उत्तर देणे आता माझ्या एकट्याच्या हातात नाही.

जयभीम!