पूर-अंदाजाचे गुण कसे वाचावेत?

कृष्णा खोऱ्यासारख्या मोठ्या प्रदेशातल्या नद्यांचा प्रवाह आधीच सांगणारी संगणकीय मॉडेल्स आता बरीच आहेत. त्यांना गुणही दिले जातात, पण ते वाचताना घोटाळा होतो.

गैरसमज : मॉडेलला ०.८ गुण मिळाले, म्हणजे अंदाज ८० टक्के बरोबर.

वस्तुस्थिती : हे गुण म्हणजे नॅश आणि सटक्लिफ यांनी १९७० साली मांडलेला निर्देशांक; ती टक्केवारी नव्हे. १ म्हणजे तंतोतंत अंदाज. ० म्हणजे रोज नुसता सरासरी प्रवाह सांगितला असता तरी तेवढंच साधलं असतं. त्याहून वाईट असेल तर गुण उणे. आपल्याकडे खरी मेख इथेच आहे. कृष्णा उन्हाळ्यात रोडावते, ऑगस्टमध्ये दुथडी भरून वाहते. अशा नदीला वर्षाची सरासरी लावणं म्हणजे मॉडेलसमोर कच्चा प्रतिस्पर्धी उभा करणं. पावसाळा कधी येतो एवढं कळणारं मॉडेलही मग चांगले गुण घेऊन जातं. तुलना त्या-त्या तारखेच्या सरासरीशी करावी. एक-दोन दिवसांच्या अंदाजाची करावी ती 'उद्याही आजच्याइतकंच पाणी' या साध्या ठोकताळ्याशी. त्यालाही हरवता येत नसेल, तर मॉडेलचा उपयोग काय?

गैरसमज : बहुतेक प्रवाह-मापन ठाण्यांवर जमलं, म्हणजे खोरंभर जमलं.

वस्तुस्थिती : महाबळेश्वरचा धो धो पाऊस आणि माण तालुक्याचा दुष्काळ एकाच खोऱ्यात आहेत. सगळ्या ठाण्यांचा मिळून काढलेला एक आकडा हा फरक गिळून टाकतो. शिवाय मधे १०५ टीएमसी (अब्ज घनफूट) क्षमतेचं कोयना धरण आहे. पावसाचा अंदाज अचूक असला, तरी दरवाजे कधी नि किती उघडणार हे मॉडेलला ठाऊक नसेल तर खाली कृष्णाकाठच्या सांगलीचा अंदाज चुकणारच.

गैरसमज : मोजलेला प्रवाह चुकूच शकत नाही.

वस्तुस्थिती : ठाण्यावर रोज मोजली जाते ती बहुधा पाण्याची पातळी. प्रवाह तिच्यावरून आलेखाने काढतात. नदी पात्र सोडून शेतात शिरली की तो आलेखही अंदाजानेच पुढे ओढावा लागतो.

सांगलीकर तर फुटांतच विचार करतात. आयर्विन पुलापाशी ४० फूट इशारा पातळी, ४५ फूट धोका पातळी. २०१९ मध्ये पाणी ५७ फुटांवर गेलं होतं. म्हणून पाणी ४५ फूट ओलांडणार हे मॉडेलने किती वेळा आणि किती तास आधी सांगितलं, किती वेळा उगाच घाबरवलं, हे मोजायला हवं. अंदाज देणाऱ्या यंत्रणांनी ठाण्यागणिक हा हिशेब दर पावसाळ्यानंतर लोकांसमोर ठेवावा.