यंत्रविद्या आणि सनद

१९०८ साली ज्या तळेगाव दाभाड्यात पैसा फंडाचा काचकारखाना उभा राहिला, त्याच्या एका अंगाला आज चाकणचे आणि दुसऱ्या अंगाला पिंपरी-चिंचवडचे कारखाने पसरलेले असल्यामुळे, येथील अभियांत्रिकीच्या पदवीधराने कारखान्याचीच वाट धरावी, हे घरोघरी गृहीत धरले जाते. त्याच पदवीच्या बळावर कायद्याच्या क्षेत्रातही मानाने प्रवेश करता येतो, ही गोष्ट मात्र त्याच्या कानावर क्वचितच पडते, याची मला मनापासून खंत वाटते.

या दोन विद्यांचा संबंध पाहण्यासाठी दूर जावयास नको. आकुर्डी-चाकणच्या बजाज ऑटोने लहान इंजिनाच्या एकाच सिलिंडरला दोन स्पार्क प्लग बसविण्याच्या रचनेसाठी २००२ मध्ये पेटंटचा अर्ज केला आणि २००५ मध्ये ते तिला मिळाले. पुढे २००७ मध्ये टीव्हीएसने दोन प्लगांची ‘फ्लेम’ मोटारसायकल पुढे आणली, तेव्हा हा कज्जा मद्रास उच्च न्यायालयात गेला. फेब्रुवारी २००८ मध्ये एकल न्यायमूर्तींनी टीव्हीएसला मनाई केली, मे २००९ मध्ये खंडपीठाने ती उठविली, आणि त्याच वर्षी सप्टेंबरात सर्वोच्च न्यायालयाने, अशी प्रकरणे अंतरिम हुकुमांवरच वर्षानुवर्षे रेंगाळतात याविषयी नापसंती दर्शवून, मूळ दावा त्वरेने निकालात काढण्याचा निर्देश दिला. तीन व्हॉल्वच्या इंजिनाला दोन व्हॉल्वच्या इंजिनाहून निराळे मानावे काय, आणि दोन प्लगांची कल्पना पूर्वीच ठाऊक असताना लहान इंजिनात तिचा उपयोग करणे हा शोध ठरतो काय, हे प्रश्न ज्याने सिलिंडर उघडून पाहिला आहे त्याला जसे उमगतात, तसे केवळ कलमे पाठ असणाऱ्याला उमगणे कठीण.

अशा वादाचे बीज अर्जातील दाव्यांच्या शब्दरचनेत असते. दावा फार व्यापक केला तर जुने ज्ञान त्याला बाधते, फार संकुचित केला तर प्रतिस्पर्धी बाजूने निघून जातो, आणि हा तोल सांभाळणे हेच पेटंट एजंटाचे खरे कसब होय. १९७० च्या पेटंट कायद्यानुसार एकवीस वर्षे पूर्ण झालेला, विज्ञान, अभियांत्रिकी वा तंत्रज्ञानाची पदवी असलेला भारतीय नागरिक पेटंट कार्यालयाची परीक्षा उत्तीर्ण होऊन हे काम करू शकतो. त्यासाठी कायद्याची पदवी लागत नाही. त्याला अर्जाचा मसुदा करता येतो, नियंत्रकापुढे बाजू मांडता येते. न्यायालयात मात्र उभे राहता येत नाही.

न्यायालयात उभे राहावयाचे तर प्रवेशपरीक्षा देऊन तीन वर्षांचा एलएल.बी. अभ्यासक्रम करावा लागतो, महाराष्ट्र व गोवा बार कौन्सिलची सनद घ्यावी लागते आणि अखिल भारतीय बार परीक्षाही द्यावी लागते. येथे एक अट आधीच ध्यानात घ्यावी: पूर्णवेळ पगारी नोकरीत असताना वकिली करता येत नाही, म्हणून चाकणची नोकरी टिकवू इच्छिणाऱ्याने आधी एजंटाची परीक्षा द्यावी, असे मी आग्रहाने सुचवीन.

आणि पेटंट म्हणजेच सारे क्षेत्र नव्हे. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाचे पश्चिम विभागीय पीठ पुण्यातच आहे, आणि २०१० च्या कायद्याने तेथे न्यायिक सदस्यांच्या शेजारी तज्ज्ञ सदस्यांना आसन दिले आहे. इंद्रायणी-पवनेत सोडल्या जाणाऱ्या सांडपाण्याचा पृथक्करण-अहवाल स्वतः वाचून त्यातील त्रुटी दाखवू शकणारा वकील अशा पीठाला हवाच असतो.