शोधाचे पैसे कोण देतो?

‘गुडघा प्रत्यारोपण खर्च पुणे’ असे गूगलमध्ये टाइप केले की उत्तरे दिसण्याआधीच एक लिलाव उरकलेला असतो. त्या शब्दांवर बोली लावून ठेवलेले जाहिरातदार त्यात उतरतात. सर्वांत मोठी बोलीच जिंकते असे नाही. त्या जाहिरातीवर लोक किती क्लिक करतील, हा अंदाजही धरला जातो. पैसे बहुतेक वेळा क्लिक झाल्यावरच द्यायचे.

खरे तर या लिलावाला तुमचे नाव-गाव लागत नाही. गुडघ्याचा शोध आहे, एवढे कळले तरी पुरते. २००८ साली सुरू झालेले डकडकगो हे सर्च इंजिन अशाच, फक्त शोधशब्दांवर बेतलेल्या जाहिरातींवर चालते. पण तुमचे जुने शोध, ठिकाण, पाहिलेली पाने हाताशी असतील तर क्लिकचा अंदाज अधिक अचूक होतो आणि कमाई वाढते. माहिती साठवण्याचा मोह इथून सुरू होतो.

नाव काढून टाकले की माहिती निनावी होते, हा समज २००६ मध्ये खोटा ठरला. एओएल या अमेरिकी इंटरनेट कंपनीने सुमारे साडेसहा लाख लोकांचे तीन महिन्यांतले शोध संशोधनासाठी खुले केले. नावांऐवजी आकडे होते. तरीही नुसत्या शोधांवरून पत्रकार काही दिवसांतच एका महिलेच्या घरापर्यंत पोहोचले. आपले आजार, आडनावे, गल्ल्या आपण स्वतःच शोधत असतो; त्यांची बेरीज म्हणजेच आपली ओळख.

मग थेट पैसे देऊन शोधावे का? गूगलच्या जाहिरात विभागाचे माजी प्रमुख श्रीधर रामस्वामी यांनी ‘नीवा’ हे वर्गणीवरचे, जाहिरातमुक्त सर्च इंजिन काढले. २०२३ मध्ये ते बंद झाले. फुकट मिळणाऱ्या गोष्टीसाठी ग्राहक जमवणे अवघड, त्यात फोनवर आधीपासून बसवलेले इंजिन बदलण्याचे कष्ट कोण घेतो? ती जागा राखण्यासाठी गूगलने अ‍ॅपलला एकट्या २०२२ मध्ये २० अब्ज डॉलर दिल्याचे गूगलविरुद्धच्या अमेरिकेतल्या खटल्यात उघड झाले. ‘कागी’ हे सर्च इंजिन मात्र वर्गणीवर टिकून आहे. अमर्याद शोधांसाठी महिन्याला १० डॉलर, म्हणजे आपल्याकडच्या नेहमीच्या मोबाइल रिचार्जपेक्षा बरेच जास्त.

वर्गणीमुळे जाहिरातदाराची मर्जी राखण्याचे कारण उरत नाही. हा फायदा मला मोठा वाटतो. पण एक नवी अडचण येते: वर्गणीसाठी खाते लागते आणि लॉगिन करून केलेला प्रत्येक शोध त्या खात्याला जोडता येतो. ‘आम्ही नोंद ठेवत नाही’ या शब्दावर विसंबावे लागते.

यावरचा तोडगा गणितात आहे. संगणकशास्त्रज्ञ डेव्हिड चॉम यांनी १९८० च्या दशकात आंधळ्या सहीची कल्पना मांडली. चिठ्ठी कार्बन लावलेल्या पाकिटात बंद करून द्या. अधिकारी पाकिटावर सही करतो, ती आतल्या चिठ्ठीवर उमटते, पण चिठ्ठी त्याला दिसत नाही. तसेच तुमचा ब्राउझर काही यादृच्छिक आकडे झाकून पाठवतो, कंपनी वर्गणी तपासून त्यांवर सही करते. सही झालेला असा प्रत्येक आकडा म्हणजे एक टोकन; पुढे शोधताना ब्राउझर त्यांतले एकेक उघडून देतो. सही खरी आहे हे कंपनीला पटते, पण ते कोणाला दिले होते हे तिला ओळखता येत नाही. कागीने २०२५ मध्ये ‘प्रायव्हसी पास’ नावाने याच धर्तीची सोय आणली.

टोकनमागे खाते लपते, आयपी पत्ता लपत नाही; त्यासाठी टॉर किंवा व्हीपीएनसारखे पत्ता झाकणारे साधन वेगळे वापरावे लागते. शिवाय समोर कोण आहे हेच कळत नसल्याने, नको असलेल्या संकेतस्थळांची तुम्ही खात्यात करून ठेवलेली यादीही त्या शोधाला लागू करता येत नाही.