एका टोकाचा फरक

स्वस्त मिळाला म्हणून आम्ही एकदा रंगाईसाठी नवा वेटिंग एजंट घेतला. कापड नीट भिजले नाही, ताग्यांवर चट्टे उठले. अशा रसायनाचा गुण त्याच्या रेणूच्या घडणीत असतो. द्रवस्फटिकाच्या एका प्रयोगातून हे स्पष्ट दिसते.

घड्याळाच्या पडद्यातला द्रवस्फटिक तेलासारखा वाहतो, तरी त्याचे लांबट रेणू एकाच दिशेने रांग धरतात. त्याच्या काही जातींचे रेणू शुद्ध पाण्यालगत आडवे पडतात. पाण्यात साबणवर्गी रसायन घातले की त्याचे डोके पाण्यात राहते, शेपटी द्रवस्फटिकात शिरते आणि शेजारचे रेणू उभे राहतात. आडव्या-उभ्या धरलेल्या दोन ध्रुवक काचांतून पाहिल्यास उजळ थर काळा होतो.

अमेरिकेतील विस्कॉन्सिन विद्यापीठात निकोलस ॲबट आणि सहकाऱ्यांनी २००३ मध्ये शेपटीच्या टोकालाही पाण्याची ओढ असलेले रसायन तपासले. आता दोन्ही टोके पाण्याकडे ओढली गेली, शेपटी आत उभी राहिली नाही आणि द्रवस्फटिक आडवाच राहिला.

फरक फक्त एका टोकाचा! म्हणून व्यापारी बांधवांनी भावाबरोबर रसायनाची जातही विचारावी आणि पूर्ण लॉट टाकण्याआधी एक तुकडा भिजवून पाहावा.