पालीची नवी शेपटी

मृगाचा पाऊस झाला की जालन्यातल्या आमच्या जुन्या माळवदाच्या घरात ट्यूबलाइटभोवती पाखरं जमतात आणि पाखरांमागे पाली येतात. अशाच एका पालीवर मांजराने झडप घातली, तेव्हा पंजाखाली फक्त शेपटी राहिली. ती फरशीवर वळवळत होती, मांजर तिच्यातच गुंतलं आणि पाल तुळईमागे पसार झाली. रक्त जवळपास नाहीच.

शेपटीच्या बहुतेक मणक्यांत एक कच्ची रेघ असते, तीही दोन मणक्यांच्या सांध्यात नव्हे, खुद्द मणक्याच्या मध्यावर. पालीने स्नायू आवळले की तिथे मणका दुभंगतो आणि रक्तवाहिन्यांची तोंडं लगेच आकसतात.

पुढे रोज रात्री मी तिला दिव्याजवळ शोधू लागलो. आधी नुसता थोटा बुंधा, मग त्यावर कातडी धरली. नंतर टोकाशी काळपट, गुळगुळीत कोंब आला. जखमेजवळच्या पेशी तिथे गोळा होऊन नव्याने वाढू लागतात, त्यांचा तो उंचवटा. पावसाळा सरेपर्यंत शेपटी तयार झाली, पण जोड लपत नव्हता. जुन्या भागावरचे पट्टे नव्यावर नव्हते, रंगही सपाट. आतला फरक त्याहून मोठा असतो. नव्या शेपटीत मणके नसतात, कूर्चेची सलग नळी असते. म्हणून ती नव्या भागातून पुन्हा सुटत नाही. पुढच्या संकटात पालीला अंगालगतचा जुना भाग सोडावा लागतो. आणि पाय तुटला तर तो परत येतच नाही.

गोड्या पाण्यातल्या हायड्रा या जिवाची ताकद निराळी. निसर्ग अभ्यासक अब्राहम ट्रेम्ब्ले यांनी १७४० च्या दशकात त्याचे तुकडे केले, तर तुकड्यातुकड्यातून अख्खा प्राणी उभा राहिला. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेत या जिवाचा अनेक वर्षं अभ्यास झाला आहे.

पालीला मात्र नव्या शेपटीची किंमत मोजावी लागते. शेपटीत तिची चरबी साठलेली असते. पाऊस ओढ देतो, पाखरं कमी होतात, त्या दिवसांची ही पुंजी. ती गेली की पोटात पडेल त्यातूनच अंगही सांभाळायचं आणि शेपटीही वाढवायची. तेव्हा भिंतीवर पाल दिसली की केरसुणी उगारू नका. रात्रभर ती तुमच्याच घरातले किडे खात असते.