चढावर उघड होणारा दोष: नव्या गाडीचा गिअरबॉक्स आणि त्याभोवतीचे गैरसमज

गिअरबॉक्समधली खोट सपाट रस्त्यावर बरीच झाकून राहते. ती दिसते चढावर. महाडजवळच्या नाते गावाच्या परिसरात चढ टाळून गाडी चालवताच येत नाही. गावातून पुढे गेलेला रस्ता कोंझरवरून पाचाडकडे आणि रायगडाच्या पायथ्याला चढतो. महाडहून भोरला जायचे तर वरंध घाट, पोलादपूरहून महाबळेश्वरला जायचे तर आंबेनळी, खेडकडे उतरायचे तर कशेडी. महाबळेश्वर समुद्रसपाटीपासून सुमारे १,३५० मीटर उंच आहे आणि ही उंची गाडी एकाच दमात, वळणावळणांनी चढते. म्हणून पुण्यात किंवा पनवेलला विनातक्रार चालणारी नवी गाडी इथे झटके देऊ लागते, चढावर मागे येते, क्लच जळाल्याचा वास सोडते. मग मालक म्हणतो गाडी खराब, सर्व्हिस सेंटर म्हणते चालवणे खराब. दोन्ही बाजूंच्या बोलण्यात गैरसमजांचा वाटा मोठा असतो.

पहिला गैरसमज असा, की क्लचचे पेडल नाही म्हणजे सगळ्या ऑटोमॅटिक गाड्या सारख्याच. प्रत्यक्षात त्या नावाखाली चार निरनिराळ्या यंत्रणा विकल्या जातात. एएमटीमध्ये गिअरबॉक्स आणि क्लच साध्या मॅन्युअल गाडीचेच असतात. फक्त क्लच दाबणे आणि गिअर टाकणे हे काम संगणकाच्या हुकमाने यंत्र करते. भारतात ही यंत्रणा सामान्य ग्राहकाच्या आवाक्यात आली ती २०१४ च्या मारुती सेलेरिओपासून. टॉर्क कन्व्हर्टर प्रकारात इंजिनची ताकद तेलामार्फत पुढे जाते. सीव्हीटीमध्ये ठरावीक गिअरच नसतात. पट्टा आणि कमी-जास्त व्यासाच्या पुल्या असतात. डीसीटीमध्ये दोन क्लच असतात, एक सम गिअरांसाठी आणि एक विषम गिअरांसाठी.

या चारांचे स्वभाव वेगळे आहेत आणि तक्रार करण्यापूर्वी ते माहीत असणे फार गरजेचे आहे. एएमटी गिअर बदलताना क्षणभर ओढ सोडते, मान किंचित पुढे जाते. हा दोष नव्हे, ती रचनाच तशी आहे. सीव्हीटीत चढावर इंजिनचा आवाज वाढतो आणि वेग मागून येतो, तेही स्वाभाविक. पण गिअर मध्येच सुटून न्यूट्रलमध्ये जाणे, रिव्हर्स न पडणे, निघताना गाडी थरथरणे, डॅशबोर्डवर गिअरबॉक्सचा दिवा लागणे किंवा गाडी एकाच गिअरमध्ये अडकून बसणे हे कोणत्याही प्रकारात स्वाभाविक नाही. तो बिघाड आहे आणि ‘या मॉडेलमध्ये असं होतंच’ हे त्याचे उत्तर होऊ शकत नाही.

ऑटोमॅटिक गाडी चढावर ॲक्सिलरेटर हलका दाबून जागच्या जागी उभी धरता येते, हा समज घाटात सर्वाधिक नुकसान करतो. एएमटी आणि डीसीटीमध्ये असे केल्यावर क्लच अर्धवट लागलेल्या अवस्थेत घासत राहतो आणि काही मिनिटांत तापतो. रायगडाकडे जाणाऱ्या गर्दीत सुट्टीच्या दिवशी वाहने इंचाइंचाने सरकतात, तेव्हा नेमके हेच घडते. गाडी ब्रेकवर किंवा हँडब्रेकवर उभी करावी आणि पुढची गाडी पुरेशी सरकल्यावरच निघावे. हिल होल्ड असेल तर तो गाडीला दोन-तीन सेकंदच धरतो; ती उभी करून ठेवण्याची सोय नाही.

उतारावर न्यूट्रल केल्याने डिझेल-पेट्रोल वाचते, ही जुनी समजूतही तितकीच चुकीची आहे. आजच्या इंजेक्शन असलेल्या इंजिनांत गाडी गिअरमध्ये असताना ॲक्सिलरेटर सोडला, की इंधनपुरवठा जवळजवळ थांबतो. न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन चालू ठेवण्यासाठी इंधन लागतच राहते. शिवाय इंजिनचा रोध नाहीसा होऊन सगळा भार ब्रेकवर येतो आणि लांब उतारावर तापलेले ब्रेक पकड सोडतात. आंबेनळी उतरताना ऑटोमॅटिक गाडीही मॅन्युअल मोडवर किंवा खालच्या गिअरवर घ्यावी.

बंद पडलेली गाडी दोर बांधून ओढून न्यावी, हेही मॅन्युअल गाडीच्या काळातले शहाणपण. टॉर्क कन्व्हर्टर आणि सीव्हीटीतला तेलाचा पंप इंजिन चालू असेल तरच फिरतो. पुढची चाके जमिनीवर फिरवत अशी गाडी लांब ओढली, तर आतले भाग तेलाविना घासतात आणि किरकोळ बिघाडाचा मोठा खर्च होतो. गाडी सपाट पाटाच्या ट्रकवर चढवूनच न्यायला हवी. कंपनीच्या रस्त्यावरील मदत सेवेला फोन करताना हे स्पष्ट सांगावे, म्हणजे घाटात चुकीचे वाहन येऊन आणखी वेळ जात नाही.

आता सर्व्हिस सेंटरच्या बाजूचे गैरसमज. ‘तुमच्या चालवण्याच्या पद्धतीमुळे’ हे वाक्य म्हणजे तांत्रिक निदान, असे ग्राहक धरून चालतो आणि गप्प होतो. ते निदान नसते. ऑस्ट्रेलियात फोर्डच्या फिएस्टा, फोकस आणि इकोस्पोर्ट गाड्यांतील पॉवरशिफ्ट या डीसीटीबद्दल थरथरण्याच्या असंख्य तक्रारी होत्या. अनेक ग्राहकांना दोष त्यांच्याच चालवण्यात असल्याचे सांगितले गेले; त्रुटी कंपनीला आधीपासून माहीत होती. एप्रिल २०१८ मध्ये तिथल्या फेडरल न्यायालयाने तक्रारी हाताळण्याच्या या पद्धतीबद्दल फोर्डला एक कोटी ऑस्ट्रेलियन डॉलरचा दंड केला. चालवण्यामुळे क्लच जळतो हे खरे आहे, पण मग ते दाखवता आले पाहिजे: उघडलेल्या क्लचची अवस्था, संगणकात नोंदलेले तापमान, साठवलेले फॉल्ट कोड. हे काही न दाखवता ग्राहकाला दोषी ठरवणे अन्यायाचे आहे.

स्कॅनरवर कोड आला नाही म्हणजे बिघाड नाही, हाही अर्धसत्याचा प्रकार. अधूनमधून होणारा बिघाड थंड गाडीत, सपाट आवारात दिसतच नाही. म्हणून सर्व्हिस सेंटरच्या माणसाला शेजारी बसवून, गाडी तापल्यावर, चढावर फेरी मारण्याचा आग्रह धरावा आणि ती फेरी जॉबकार्डवर नोंदवून घ्यावी. जॉबकार्डाला बहुतेक जण पावतीपलीकडे किंमत देत नाहीत. पुढे वाद झाला तर मुख्य पुरावा तोच असतो. त्यावर ‘जनरल चेकअप’ लिहिले गेले, तर त्या दिवशीची तक्रार कागदावर झालीच नाही असा अर्थ निघतो. तक्रार ग्राहकाच्या शब्दांत, किलोमीटरच्या आकड्यासह लिहायला लावावी. सॉफ्टवेअर अपडेट केले तर तेही लिहून घ्यावे. अपडेट म्हणजे केवळ वेळ मारून नेणे असे नव्हे. एएमटी आणि डीसीटीच्या गिअर बदलण्याच्या वेळा खरोखर त्याने सुधारतात. घासलेली क्लचप्लेट मात्र त्याने भरून येत नाही.

वॉरंटीत सगळे येते, हा समज बिल हातात पडल्यावर तुटतो. वापराने झिजणाऱ्या भागांत क्लचप्लेट धरली जाते आणि तिची झीज सामान्यतः वॉरंटीबाहेर असते. ती सदोष होती हे दिसले तर गोष्ट वेगळी. पुराचे पाणी हाही वॉरंटीचा विषय नाही. जुलै २०२१ मध्ये सावित्रीच्या पुराने महाड बुडाले, तेव्हा अनेक गाड्यांत पाणी शिरले. अशा वेळी दावा विमा कंपनीकडे, स्वतःच्या वाहनाच्या नुकसानीच्या कलमाखाली करायचा असतो. पाण्यातून निघालेली गाडी सुरू करून पाहिल्याने इंजिन फुटले, तर साध्या पॉलिसीत तो दावा अडकतो. इंजिन आणि गिअरबॉक्सच्या संरक्षणाची जोड पॉलिसी वेगळी घ्यावी लागते.

बाहेरच्या गॅरेजात काम केले की वॉरंटी सरसकट रद्द, असे शोरूममध्ये सांगितले जाते. भारतीय स्पर्धा आयोगाने २५ ऑगस्ट २०१४ च्या आदेशात चौदा मोटार कंपन्यांना मिळून सुमारे २,५४४ कोटी रुपयांचा दंड ठोठावताना अशी सरसकट अट घालू नये असे बजावले. या आदेशाविरुद्ध अपिले झाली. तरीही महाडमध्ये पंक्चर काढले किंवा बॅटरी बदलली म्हणून गिअरबॉक्सची वॉरंटी नाकारणे तर्काला धरून नाही. बाहेरच्या मेकॅनिकने गिअरबॉक्सच उघडला असेल आणि त्याने नुकसान झाले असेल, तर कंपनीचा नकार योग्य ठरतो.

तीनदा दुरुस्ती फसली की नवी गाडी मिळते, हा समज अमेरिकेतून आला आहे. तिथे कनेक्टिकट राज्याने १९८२ मध्ये असा कायदा केला आणि मग तो इतर राज्यांत पसरला. भारतात तसा वेगळा कायदा नाही. क्लचच्या तक्रारीवरून मारुती उद्योगाविरुद्ध झालेल्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २००६ मध्ये म्हटले, की वॉरंटीची हमी सदोष भाग दुरुस्त करण्याची किंवा बदलण्याची आहे, अख्खी गाडी बदलण्याची नाही. ग्राहकाला भाग बदलून आणि ५०,००० रुपये मिळाले. पण दार बंद नाही. २०१० मध्ये फियाट इंडियाच्या प्रकरणात त्याच न्यायालयाने स्वतंत्र तज्ज्ञाला उत्पादनातील मूळ दोष आढळल्यास किंमत व्याजासह परत द्यावी, असा आदेश दिला. भेद आहे तो एका भागाच्या बिघाडात आणि गाडीच्या मूळ दोषात. तो ठरवण्यासाठी तज्ज्ञ तपासणीची मागणी ग्राहकाने स्वतः ग्राहक आयोगापुढे करावी.

डीलर आणि कंपनी एकच, हेही कायद्यात खरे नाही. गोव्यातील एका ग्राहकाला डीलरने जुन्या सालची गाडी नवी म्हणून दिली होती. डीलरचे हे कृत्य टाटा मोटर्सला माहीत होते असे सिद्ध न झाल्याने सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२१ मध्ये कंपनीला त्या जबाबदारीतून मुक्त केले. म्हणून तक्रारीत दोघांनाही प्रतिवादी करावे आणि गाडीतील दोष कंपनीचा, सेवेतील त्रुटी डीलरची, हे वेगवेगळे मांडावे.

गाडी पुण्याहून घेतली म्हणून खटलाही पुण्यातच, हा समज १९८६ च्या कायद्यापासून चालत आला आहे. २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा २०२० पासून लागू झाला आणि ग्राहकाला राहत्या जिल्ह्यात तक्रार करण्याचा हक्क मिळाला. नाते गावच्या रहिवाशासाठी ते ठिकाण म्हणजे अलिबागचा जिल्हा ग्राहक आयोग. दिलेली किंमत ५० लाखांपर्यंत असेल तर तक्रार तिथेच चालते. पाच ते दहा लाखांच्या गाडीसाठी शुल्क २०० रुपये, दहा ते वीस लाखांसाठी ४०० रुपये. अर्ज ऑनलाइन करता येतो, व्हिडिओद्वारे सुनावणी मागता येते आणि वकील सक्तीचा नाही. त्याआधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवून पाहण्यासारखी आहे. काही प्रकरणे तिथेच मिटतात. मात्र तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांत आयोगाकडे जावे लागते. ‘पुढच्या सर्व्हिसला बघू’ या आश्वासनांनी किंवा हेल्पलाइनवरच्या नोंदीने ही मुदत वाढत नाही.